तंबू कुणाचा?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



आजचा विषय फळ्यावर लागला तशी कुजबुज सुरू झाली. इंग्रजांच्या सर्कशीवरची कादंबरी, तीही एका गोऱ्या बाईनं लिहिलेली. तिचं आपल्याला काय? आपल्या घरचं जळतंय आणि हा बाबा राणीच्या राज्यातल्या तंबूची गोष्ट सांगणार! प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर शेवटासाठी राखून ठेवत नाही, आत्ताच देतो.

आपल्यातला कुणी लिहायला लागला, त्याचं पुस्तक आलं, की त्याला स्टेजवर बोलावतात. हार घालतात. आणि मग समोरच्या खुर्चीतला एक जाणकार, चष्मा पुसत पुसत, हमखास विचारतो : हे सगळं खरंच असं घडलं का हो? त्याच्या शेजारचा विचारतो : हे वाङ्मय म्हणायचं की नुसता दस्तऐवज? चांगलं लिहिलं असेल तर यांना शंका, की हा एवढं चांगलं कसं लिहितो, कुणी लिहून दिलं असेल. ओबडधोबड लिहिलं तर म्हणणार, अनुभव जबरदस्त पण कला नाही. दोन्ही बाजूंनी मार. ह्या प्रश्नाचा बाप सर्कशीच्या दारावर उभा आहे आणि अँजेला कार्टर नावाच्या बाईनं त्याला कॉलर धरून कादंबरीत आणलाय. म्हणून हे पुस्तक.

कादंबरीचं नाव ‘नाइट्स अ‍ॅट द सर्कस’. 1984 साली लंडनात छापली. कार्टरबाई 1940 साली जन्मल्या, 1992 साली वारल्या. पुस्तक इंग्रजीत आहे, सोपंही नाही, म्हणून आधी गोष्ट सांगतो.

काळ 1899. व्हिक्टोरिया राणी अजून गादीवर. लंडनमधलं अल्हाम्ब्रा थिएटर. तिथं फेव्हर्स नावाची बाई झोक्यावर खेळ करते. सहा फुटांहून उंच, धिप्पाड, लंडनच्या गरीब वस्तीतल्या बोलीत फाडफाड बोलणारी, आणि पाठीवर पंख. अंड्यातनं जन्मले म्हणते. टोपलीत घालून कुणीतरी वेश्यागृहाच्या पायरीवर ठेवलेली, तिथल्या बायकांनी वाढवलेली. तिच्या जाहिरातीवरच प्रश्न छापलाय की ही बाई खरी की बनावट? जॅक वॉल्सर नावाचा अमेरिकन पत्रकार वही घेऊन तिच्या रंगपटात येतो. जगातल्या मोठमोठ्या थापा उघड्या पाडायच्या, अशी त्याची लेखमाला चाललेली. तो नोंदी करतोय, ती बोलतेय, शॅम्पेन पितेय, खातेय, ढेकर देतेय. रात्र सरता सरत नाही, मोठ्या घड्याळात बाराचे ठोके पुन्हा पुन्हा पडतात. पहाटेपर्यंत त्या पत्रकाराचा पार चोथा होतो. कोण कुणाची मुलाखत घेतंय तेच कळेनासं होतं.

ह्या वॉल्सरच्या डोक्यात एक विचार येतो, तो मला फार मोठा वाटतो. समजा खरोखरच एखादी पंखवाली बाई असली, तर पोटासाठी तिला काय करावं लागेल? आपण बनावट आहोत असं नाटक करावं लागेल! कारण पंख खोटे असतील तर ती कलावंत. पंख खरे निघाले तर ती जनावर, डॉक्टरांनी कापून बघायची वस्तू. म्हणजे खरं असणं हाच तिच्या जिवाला धोका. फेव्हर्सला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाही. नुसती हसते. त्या तिच्या हसण्यावरच कादंबरी संपते.

आता आपल्या लेखकाकडे बघा. त्याच्याकडून उलट मागणी आहे. तू खरा आहेस हे दाखव. जखम दाखव, वळ दाखव, आईची लाज दाखव. दाखवलीस की तू अस्सल. आणि अस्सल ठरलास की कलावंत नाहीस.

फेव्हर्स अल्हाम्ब्रात पोचायच्या आधी कुठं होती, तो भाग नीट ऐका. मादाम श्रेक नावाच्या बाईचं एक तळघर. तिथं वेगळ्या शरीराच्या बायका ठेवलेल्या. एकीला स्तनांच्या जागी डोळे, एक अगदीच ठेंगणी, एक कायम झोपलेली, एक अर्धा बाप्या अर्धी बाई. रात्री बग्गीतनं सभ्य गृहस्थ येतात, पैसे मोजतात आणि बघतात. कार्टरबाईंचा निवाडा सरळ आहे. विकृती त्या बघणाऱ्यांनीच बाहेरून आत आणली, आतल्या बायका आपापसात माणसासारख्याच होत्या. एकमेकींची वेणीफणी करणाऱ्या, दुखणंखुपणं बघणाऱ्या. बग्गीतनं उतरून गावकुसाबाहेर रात्री कोण येत होतं आणि दिवसा कुणाचा विटाळ होत होता, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

मग फेव्हर्स एका अमेरिकन सर्कशीबरोबर रशियाला निघते. मालक कर्नल कर्नी. नाव कर्नलचं, काम गल्ल्याचं. त्याच्या काखेत एक डुकरीण असते, ती अक्षरांच्या पत्त्यांवरनं भविष्य सांगते. कुणाला नोकरीवर ठेवायचं हेसुद्धा तीच ठरवते. हसू नका. आपल्या कितीतरी मुलाखतींत कोण ठरवतं ते तरी आपल्याला कुठं माहीत असतं!

तिथं मिन्यों आहे, नवऱ्याच्या लाथा खाणारी पोरकी पोरगी. नवरा माकडांचा खेळ करतो. विदूषक आहेत. आणि माकडं आहेत, त्यांचा खेळ मला सगळ्यात आवडला. ती शाळेचा वर्ग भरवतात, लोक खदखदा हसतात. वॉल्सर जवळ जाऊन बघतो तर काय, ती सोंग करत नाहीयेत, खरंच शिकतायत. माणूस बोलतो कसा ते कळावं म्हणून त्यांचा मास्तर वॉल्सरच्या तोंडात डोकावून बघतो. पुढे तोच मास्तर कर्नलपुढं जाऊन बसतो आणि करार नव्यानं करून मागतो. दारूडा ट्रेनर नको, पैसे आमच्या हातात. आणि नंतर सगळी जमात सर्कस सोडून चालू पडते. शिका, संघटित व्हा ह्याचा अर्थ कार्टरबाईंनी कुठं वाचला होता कोण जाणे, पण लिहिला मात्र बरोबर.

लिझी तर आपलीच बाई. फेव्हर्सला वाढवणारी, बुटकी, करवादणारी, राजकारण कोळून प्यालेली. वॉल्सर आपल्या बातम्या लंडनला पाठवतो त्या टपालातनं ही गुपचूप रशियातल्या चळवळीच्या खबरी पाठवत असते. फेव्हर्स एकदा स्वप्नात रंगते, नवं शतक येईल, सगळ्या बायांना पंख फुटतील. लिझी तिला तिथंच टोकते, बाई गं, ते एवढं सोपं नाही. चळवळीत अशी एक लिझी लागतेच. आपण बहुतेकदा तिला चहा करायला सांगतो.

एवढं कौतुक झालं. आता भांडण.

मादाम श्रेकच्या तळघरात तूसां नावाचा एक नोकर आहे. काळा. त्याला जन्मतःच तोंड नाही. डोळ्यांनी बोलतो, लिहून दाखवतो. पुढे शस्त्रक्रिया होऊन त्याला तोंड मिळतं म्हणतात. आता तूसां हे नाव कुठलं? हैतीच्या गुलामांनी बंड केलं, फ्रेंचांची फौज हैराण करून सोडली, त्या बंडाचा नेता तूसां लूव्हेर्त्यूर. 1803 साली फ्रेंचांच्या तुरुंगात मेला. त्याचं नाव ठेवायचं आणि तोंड काढून घ्यायचं! मी हे पुस्तक वाचताना इथं थांबलो. बाईंना कळत होतं, त्यांनी जाणूनबुजून केलंय, गुलामगिरीनं माणसाची वाचा कशी नेली ते दाखवायला केलंय, असं समीक्षक म्हणतील. म्हणोत. गोऱ्या बाईला पंख मिळाले, गावरान जिभेचं अख्खं भांडार मिळालं, शेकडो पानं मिळाली. काळ्या माणसाला चिठ्ठ्या मिळाल्या. सर्कशीतली दुसरी काळी व्यक्ती म्हणजे ॲबिसिनियाची राजकन्या. ना ॲबिसिनियाची, ना राजकन्या. ती पियानो वाजवते, वाघ नाचतात आणि ती बोलत नाही. पुन्हा तेच.

31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी पहिलं वर्तमानपत्र काढलं, त्याचं नाव ‘मूकनायक’. त्या नावात सगळं आलं. मुक्या माणसाला तोंड असतंच. ते उघडायला त्याला डॉक्टर लागत नाही. छापखाना लागतो, कागद लागतो, वर्गणी लागते. कार्टरबाईंच्या कल्पनेला पंख फुटले, पण एवढी साधी गोष्ट तिला दिसली नाही.

आणि असं नाही की त्या काळात काळा माणूस सर्कशीत तोंड बांधून उभा होता. खरा इतिहास कादंबरीपेक्षा जोरदार आहे. नॉर्विच गावात विल्यम डार्बी नावाचा काळा पोरगा जन्मला. लहानपणीच सर्कशीत शिकाऊ म्हणून लागला. घोड्यावर, दोरीवर तयार झाला आणि पाब्लो फँक ह्या नावानं स्वतःची सर्कस काढली. मालक! व्हिक्टोरियाच्या इंग्लंडात, काळा माणूस, तंबूचा मालक. गोरे कलावंत त्याच्या हाताखाली. 1843 च्या फेब्रुवारीत रॉचडेल गावात त्याच्या सर्कशीचा खेळ झाला, त्याचं भित्तिपत्रक पुढे जॉन लेननच्या हाती लागलं आणि 1967 साली बीटल्सच्या गाण्यात फँकचं नाव आलं. आज जगाला तो माहीत आहे तो त्या गाण्यामुळं. तो खेळ ‘बेनिफिट’चा होता. बेनिफिट म्हणजे त्या रात्रीचा गल्ला एका कलावंताच्या नावानं. आपल्या तमाशाच्या फडात हातउसनं आणि उचल माहीत आहे, हे वेगळं. पाळी पाळीनं कलावंताला एक रात्र मिळायची.

1848 च्या मार्च महिन्यात लीड्स गावात खेळ चालू असताना लाकडी गॅलरी कोसळली आणि तिच्याखाली फँकची बायको सुसाना मेली. तो स्वतः 1871 च्या मे महिन्यात स्टॉकपोर्टला वारला. त्याला लीड्सला नेऊन तिच्याशेजारीच पुरलं. पुढं 1905 साली सर्कस-जत्रावाल्यांच्या संघटनेच्या पाद्र्यानं फँकबद्दल लिहिताना म्हटलं की घोड्यांच्या खेळाच्या बिरादरीत रंगभेद नसतो. वा! हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. ‘आमच्या क्षेत्रात जात नाही’ असं आपल्याला किती ठिकाणी सांगितलंय! एक माणूस वर चढला की त्याच्याकडं बोट दाखवून बाकीच्यांच्या तोंडावर दार लावायचं.

कारण त्याच काळात दुसरं काय चाललं होतं बघा. मेक्सिकोत जन्मलेली ज्युलिया पास्त्राना. सगळ्या अंगावर, चेहऱ्यावर केस, जबडा पुढं आलेला. गाणारी, नाचणारी बाई. 1857 साली तिला लंडनमध्ये आणून दाखवली. जाहिरातीत तिला अर्धं जनावर ठरवलं. तिचा मॅनेजर थिओडोर लेंट, त्यानं तिच्याशी लग्नच लावलं. का, ते समजून घ्या. बायको दुसऱ्या मालकाकडे पळून जात नाही. 1860 साली मॉस्कोत ती बाळंत झाली. मूल दगावलं, पाठोपाठ ती. लेंटनं काय करावं? दोघांच्या देहांत मसाला भरून घेतला, काचेत उभं केलं आणि तिकीट लावून पुन्हा दौरा सुरू. मेल्यावरही बाई राबतेच आहे. पुढं तसाच केसाळ चेहरा असलेली दुसरी बाई शोधून त्यानं तिच्याशी लग्न केलं आणि तिलाही रिंगणात आणली. ज्युलियाचा देह जत्रांतनं फिरत फिरत नॉर्वेत गेला, चोरीला गेला, सापडला, ओस्लोच्या विद्यापीठात पडून राहिला. 2013 च्या फेब्रुवारीत तिला मेक्सिकोत, तिच्या मुलखात, मूठमाती मिळाली. 153 वर्षांनी.

दुसरं नाव तांबो. 1883 साली कनिंगहॅम नावाच्या इसमानं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरनं, पाम बेटाच्या बाजूनं, नऊ आदिवासी अमेरिकेला नेले. बार्नमच्या सर्कशीत त्यांना नरभक्षक म्हणून उभं केलं. पुढच्या वर्षी तांबो क्लीव्हलंड शहरात मेला. त्याच्या माणसांना अंत्यविधी करू दिला नाही, देहाला मसाला लावून एका म्युझियमात तिकिटावर दाखवला. बाकीच्यांना घेऊन तो इसम युरोपला गेला, लंडनलाही नेलं. 1993 साली क्लीव्हलंडमधल्या एका अंत्यसंस्कारवाल्याच्या तळघरात तांबो सापडला. 1994 साली पाम बेटावर त्याच्या लोकांनी त्याला नेऊन पुरलं.

खरं की खोटं हा तिकीटवाल्याचा प्रश्न आहे. पास्त्राना खरी होती, तांबो खरा होता. खऱ्याचा भाव काय, तो कुणाच्या खिशात गेला आणि मेल्यावर देह कुणाच्या ताब्यात राहिला, हे विचारलं की तंबूचे खांब हलायला लागतात.

चार्ल्स डिकन्सचं थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना माहीत. 1854 च्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये सर्कशीतल्या पोरीला शाळेत विचारतात, घोड्याची व्याख्या सांग. घोड्यांच्या टापांत वाढलेली पोर, तिला सांगता येत नाही. घोड्याशी कधी संबंध न आलेलं पोरगं धडाधड दात किती, खूर कसे ते सांगतं आणि शाबासकी मिळवतं. ह्यावर मी काही बोलत नाही. ह्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाचा शाळेतला तास तुम्हाला आठवला असेल.

आता राणीच्या राज्याचा आपल्याकडचा भाग. फँक वारला त्याच 1871 साली, ऑक्टोबरात, हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी उत्तरेत, पुढे 1911 च्या कायद्यानं आपल्याकडेही. जमातीत जन्मला म्हणून गुन्हेगार. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवाना. कैकाडी, भामटा, पारधी किती नावं! सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण सांगणारी म्हातारी माणसं परवापरवापर्यंत होती. ह्या कायद्याचा दुसरा भाग मात्र आपण वाचत नाही. तो हिजड्यांवर होता. नोंद झालेला हिजडा बाईच्या वेषात रस्त्यावर दिसला, सार्वजनिक जागी नाचला, वाजवलं, खेळात भाग घेतला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

नीट जुळवून बघा. कार्टरबाईच्या तळघरात अर्धा बाप्या अर्धी बाई आहे, लंडनचे सभ्य गृहस्थ तिला बघायला सोन्याची नाणी मोजतात. त्याच राणीच्या नावानं इथं तसंच माणूस पोटासाठी नाचलं तर बेडी. तिथं मालकाचा तंबू आहे म्हणून खेळ. इथं तंबू नाही, हमरस्ता आहे, गल्ला थेट नाचणाऱ्याच्या पदरात पडतो, म्हणून गुन्हा.

डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालते, बाप ढोलकं वाजवतो, गावातला पाटील एक नाणं फेकतो आणि म्हणतो, चोरटी जात, रात्री गावात थांबू देऊ नका. 1880 साली विष्णुपंत छत्र्यांनी ग्रेट इंडियन सर्कस काढली. मोठा माणूस, घोडे शिकवण्यात हात धरणारा कुणी नव्हता, ते नाकारायचं कारण नाही. पण आपली पुस्तकं भारतीय सर्कशीचा जन्म तिथनं सांगतात. कोल्हाटी-डोंबाऱ्यांच्या कोलांट्या, दोरी, बांबू हे सगळं त्याआधी शतकानुशतकं ह्या मातीत चालू होतं, त्याला जन्मतारीख नाही. कारण तंबू नव्हता, तिकीट छापलेलं नव्हतं.

1871 चा तो वारसा 1952 साली कागदावरून गेला. विमुक्त म्हटलं. पोलिसाच्या डोक्यातनं गेला का, ते लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’त, लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त वाचा. आणि ती वाचताना खरं का हो, असं कुणी विचारलं, तर त्याला फेव्हर्ससारखं हसून दाखवा. मुलाखतीला बोलावलं तर मानधन आधी विचारा. छापतो म्हणाला तर हक्क कुणाकडं ते लिहून मागा. माकडांच्या मास्तरानं मागितलं, आपण लाजायचं काय?

तूसांचं भांडण मात्र संपलेलं नाही. कार्टरबाई गेल्या, त्या काही आता त्याला बोलतं करणार नाहीत. आपल्यातल्या कुणीतरी ते पान लिहायला घ्यावं. सर्कशीचा तंबू उभा करताना मेखा ठोकणारा, घोड्यांची लीद काढणारा, गॅलरीच्या फळ्या जोडणारा कोण होता, तिथनं सुरुवात करा. रिंगण बेचाळीस फुटांचं असतं, अ‍ॅस्टलीच्या काळापासून. त्याच्याबाहेर केवढी जागा उरते ती मोजा.

पुस्तकाची एकच प्रत आहे, पानं सुटी झालीत. ज्याला इंग्रजी जमतं त्यानं आज न्यावी आणि पुढच्या बैठकीत मादाम श्रेकचा भाग मराठीत, आपल्या मराठीत, वाचून दाखवावा. मग बोलू.

जय भीम.